गोळी आणि गोळे

कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, अंग दुखतंय आणि डॉक्टर म्हणतात व्यायाम सोडू नका, मग करायचं काय? या एकाच विषयावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, वय आणि भाग तेवढा दिला आहे. उत्तरं एक फिजिशियन आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. व्यायामाचं जे सांगितलं आहे ते करून बघा. गोळीत बदल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : वय ५४, कोथरूड. वडिलांना पन्नाशीत हार्ट अटॅक आला होता. माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ निघालं म्हणून दहा आठवड्यांपूर्वी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू झाली. त्याच सुमारास जिम लावली आणि दर रविवारी सिंहगड चढायलाही सुरुवात केली. आता सोमवार ते बुधवार मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गोळी बंद करू की गड?

उत्तर : सध्या दोन्ही नको. तुम्ही एकाच महिन्यात तीन गोष्टी सुरू केल्यात, त्यामुळे दुखण्याचा धनी कोण ते कळायला मार्ग उरलेला नाही. आधी तो मोकळा करू.

तुमच्या पत्रातले दोन तपशील आम्हाला महत्त्वाचे वाटतात. दुखणं सोमवारी सुरू होतं आणि गुरुवारी जातं. शिवाय ते जिना चढताना नाही, उतरताना जास्त जाणवतं. हे वर्णन गोळीपेक्षा गडाशी जास्त जुळतं. सवय नसलेल्या श्रमांनंतर स्नायू दुसऱ्या दिवशी दुखू लागतात, चोवीस ते बहात्तर तासांत दुखणं शिगेला पोहोचतं आणि चार-पाच दिवसांत ओसरतं. ज्या स्नायूंनी काम केलं तेच दुखतात, बाकीचे नाही.

गोळीच्या दुखण्याची तऱ्हा वेगळी असते. ते दोन्ही बाजूंना सारखंच असतं, म्हणजे दोन्ही मांड्या, दोन्ही कुल्ले, पोटऱ्या, कधी दोन्ही खांदे. बहुतेकांना ते गोळी सुरू झाल्यापासून किंवा डोस वाढल्यापासून चार ते बारा आठवड्यांत जाणवू लागतं. वाराशी त्याचं काही देणंघेणं नसतं. रविवारी घरी लोळत पडलात तरी सोमवारी ते असतंच. डॉक्टरांनी गोळी थांबवली तर साधारण दोन ते चार आठवड्यांत ते निघून जातं. एकच गुडघा, एकच खांदा किंवा सांधा दुखत असेल तर गोळीवर संशय घेण्याआधी सांधा तपासून घ्यावा.

आता गडाबद्दल. आतकरवाडीकडून चढताना घाम निघतो, धाप लागते, म्हणून सगळ्यांना वाटतं की चढणीनेच पाय दुखतात. खरी झीज उतारावर होते. विहिरीत बादली सोडताना दोर नुसता सोडून चालत नाही, आवरत आवरत सोडावा लागतो आणि त्यातच हात सोलवटतात. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं नेमकं तेच होतं. शरीराचं वजन पेलत पेलत तो लांब होत जातो, आणि लांब होताना ताण घेतला की त्याचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात. जिममधल्या उठाबशांमध्ये खाली बसण्याचा भाग, वजन हळूहळू खाली आणण्याचा भाग, टेकडीवरून धावत उतरणं, सगळं याच जातीचं. स्टॅटिन, म्हणजे तुमच्या गोळीच्या जातीची कोलेस्टेरॉलची औषधं, घेणाऱ्यांमध्ये ही झीज थोडी जास्त होते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. २०११च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्टॅटिन घेणाऱ्या धावपटूंच्या रक्तात स्नायूंच्या इजेची खूण, म्हणजे सीपीके, इतरांपेक्षा जास्त वाढलेली आढळली. पण ते बेचाळीस किलोमीटर धावणं होतं. चालण्याबद्दलचा पुरावा उलट दिशेचा आहे, त्याबद्दल वारीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

पुढचे चार आठवडे असं करा. पहिले दोन आठवडे गोळी रोजच्या वेळेला चालू ठेवा, गड बंद, जिममधलं पायाचं वजन बंद. त्याऐवजी सपाटीवर रोज तीस मिनिटं चाला. सारसबाग, विद्यापीठाचा परिसर, सोसायटीच्या आतला रस्ता, काहीही चालेल, उतार तेवढा नको. सायकल असेल तर उत्तम, कारण पॅडल मारताना स्नायू आखडत काम करतो, ताणला जात नाही. पोहणंही तसंच. एका वहीत रोज रात्री चार गोष्टी लिहा : गोळी घेतली का आणि किती वाजता, व्यायाम कोणता आणि किती मिनिटं, कुठे दुखलं, आणि शून्य ते दहामध्ये किती. उद्या लिहू म्हणून ठेवू नका. तीन दिवसांनी आठवून लिहिलेलं दुखणं नेहमी जास्त भरतं.

दोन आठवड्यांत आकडा एक-दोनवर आला, तर धनी गड आणि उठाबशा. मग तिसऱ्या आठवड्यात गड चढा, पण खाली शेअर जीपने या. चौथ्या आठवड्यात अर्धाच उतार पायी. लोक हसतील, हसू द्या. दर आठवड्याला थोडा थोडा उतार मिळाला की स्नायू त्याला सरावतो. तोच उतार महिन्याभराने निम्माही दुखत नाही. दोन आठवडे सपाटीवर राहूनही आकडा जसाच्या तसा राहिला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे 'अंग दुखतंय' एवढं सांगण्यापेक्षा वहीतली चौदा पानं जास्त कामाची.

एक चीड मात्र व्यक्त करू द्या. जिममध्ये पहिल्याच आठवड्यात पन्नाशीच्या माणसाकडून शंभर उठाबशा काढून घेणारे प्रशिक्षक असतात. तुम्हीही तेवढ्याच काढल्या असतील, तर गोळी नसती तरी पाय भरून आलेच असते.

प्रश्न : वय ६१, सदाशिव पेठ. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेते. पाय दुखतात म्हणून सीपीके तपासलं, ४१२ आलं. कागदावर १७० पर्यंत ठीक असं छापलंय. मुलगा म्हणतो किडनीवर परिणाम होईल, गोळी फेकून दे. तपासणीच्या आदल्या दिवशी सून मला झुंबाच्या वर्गाला घेऊन गेली होती.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण उत्तर तिथेच आहे. सीपीके हे स्नायूच्या आतलं एन्झाइम. स्नायूला जरा धक्का बसला की ते रक्तात झिरपतं. नव्या, जोरकस व्यायामानंतर ते एक ते चार दिवसांत वाढत जातं आणि उतरायला आठवडाही घेतं. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तरी वाढतं. म्हणून ही तपासणी करायची तर आधीचे सात दिवस झुंबा, टेकडी, जड बादल्या उचलणं, घराची साफसफाई बंद. हलकं चालणं चालू ठेवायला हरकत नाही. आठवड्याने पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

तुमचा ४१२चा आकडा कागदावरच्या मर्यादेच्या सुमारे अडीचपट आहे. मर्यादेच्या चौपटीच्या आत असेल आणि दुखणं सोसवत असेल तर बहुधा गोळी चालू ठेवून लक्ष ठेवतात. चौपट ते दहापट असेल तर डॉक्टर दुखणं, अशक्तपणा आणि किडनीची तपासणी बघून ठरवतात. दहापटीच्या वर गेलं तर गोळी लगेच थांबवतात. मुलाला ज्याची धास्ती वाटते तो आजार खरा आहे, स्नायू मोठ्या प्रमाणात विरघळून किडनी बंद पडते. पण तो अतिशय दुर्मिळ आहे, लाखात मोजके. त्याची खूण म्हणजे काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी लघवी, उठता न येण्याइतका अशक्तपणा, अंगात कणकण. असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

सीपीके सोबत दोन गोष्टी नक्की तपासा. पहिली टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. थायरॉइड मंदावलं तर कोलेस्टेरॉल वाढतं, स्नायू दुखतात आणि सीपीकेही वाढतं. अशा माणसाला कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून स्टॅटिन दिलं जातं, मग अंग दुखतं आणि दोष गोळीच्या माथी बसतो. थायरॉइडची गोळी नीट बसली की कधी कधी दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात. दुसरं डी जीवनसत्त्व. ते फार कमी असेल तर मांड्या-कुल्ले दुखतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. कमतरता असेल तर भरून काढायचीच. पण ती नसताना स्टॅटिनचं दुखणं टळावं म्हणून डीच्या गोळ्या घेण्यात फायदा नाही, तसा मोठा अभ्यास होऊन गेलाय.

प्रश्न : वय ५७, बिबवेवाडी. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० वर असताना दोन्ही मांड्या सतत ठणकायच्या. डॉक्टरांनी चार आठवडे गोळी थांबवली, दुखणं गेलं. मग रोसुव्हास्टॅटिन ५ सुरू केली, आता दोन महिने काही त्रास नाही. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एक दिवस चालायची इच्छा आहे. दहा आठवडे हातात आहेत. पुन्हा दुखू लागेल का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी पायरीपायरीने जे केलं ते अगदी रीतसर आहे : थांबवलं, दुखणं जाण्याची वाट पाहिली, दुसरी गोळी लहान डोसने दिली. आशियाई माणसांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी जास्त चढते, म्हणून आपल्याकडे ५ ने सुरुवात करणं शहाणपणाचं. चालायला हरकत नाही. आता वर कबूल केलेला पुरावा. नेदरलँड्समध्ये नाइमेखेन या गावी दरवर्षी चार दिवसांची पायी यात्रा निघते, रोज ३० ते ५० किलोमीटर. म्हणजे त्यांची वारीच, फक्त अभंगाविना. तिथे चालणाऱ्यांवरचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टॅटिनने दुखणारे, स्टॅटिन घेऊनही न दुखणारे आणि स्टॅटिन न घेणारे असे तीन गट होते. चालल्यावर स्नायूंच्या इजेच्या खुणा आणि दुखणं तिन्ही गटांत सारख्याच प्रमाणात वाढले. ज्यांना आधीपासून दुखत होतं त्यांचं दुखणं मुळातच जास्त होतं, पण चालण्याने ते इतरांपेक्षा जास्त वाढलं नाही. मध्यम वेगाच्या चालण्याने स्टॅटिन घेणाऱ्यांचे स्नायू बिघडतात ही भीती यातून बरीच कमी होते. पण चालायची सवय नसलेला माणूस एकदम तीस किलोमीटर चालला तर त्याला दुखणारच, गोळी असो वा नसो.

पुणे-सासवड हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरचा, पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांबलचक. दिवे घाट आपल्याला चढायचा असतो, उतरायचा नसतो, आणि वरचं उत्तर वाचलं असेल तर ही बातमी किती चांगली ते कळेल. घाटाने दम लागेल, पण मांड्या फाटणार नाहीत. परत येताना मात्र बसने या.

दहा आठवड्यांत रविवारचं लांब चालणं असं वाढवा, आकडे किलोमीटरचे : ५, ७, ९, ७, ११, १३, १०, १६, २०, आणि शेवटच्या आठवड्यात फक्त ६. मधे मधे आकडा मुद्दाम खाली आणलाय. तेच आठवडे स्नायू दुरुस्त होण्याचे, त्यांत 'जमतंय तर चालू जास्त' असं करू नका. आठवड्यातले आणखी चार दिवस ३० मिनिटं, सहाव्या आठवड्यापासून ४५. सहाव्या आठवड्यापर्यंत सपाटीवर, मग आठवड्यातून एकदा तळजाईची टेकडी. मे महिन्यात सकाळी साडेपाचला निघून आठाच्या आत घरी यायचं, लांब चालणं असेल तर आणखी लवकर निघायचं.

वेग किती? नेहमीची कसोटी अशी की चालता चालता बोलता यावं, पण गाता येऊ नये. गाता आलं तर वेग कमी, बोलतानाही धाप लागली तर जास्त. वारीत अख्खी दिंडी अभंग म्हणत चालते, म्हणजे वेग आपोआप बेताचाच राहतो. सरावात मात्र थोडं वर राहा, अभंग तोंडात अडकेल इतकं.

आठवड्यातून दोनदा, मधे किमान दोन दिवस सोडून, पंधरा मिनिटं ताकदीचे व्यायाम :

खुर्चीवरून उठबस. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हाताची असेल तर बरं. पहिले तीन आठवडे बैठकीवर उशी ठेवा. उठताना हात छातीशी, बसताना मात्र हातांचा आधार घ्या. हे उलटं वाटेल, पण स्नायूंची झीज बसतानाच होते. ८ वेळा, दोन फेऱ्या. चौथ्या आठवड्यापासून बसतानाही हात सोडा. सातव्यापासून उशी काढा आणि १० वेळा, तीन फेऱ्या.

टाचा उचलणं. स्वयंपाकाचा ओटा धरून दोन्ही टाचा वर, दोन सेकंद थांबून खाली. १० वेळा, दोन फेऱ्या, पुढे १५. घाटासाठी पोटऱ्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग.

पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, म्हणजे सेतुबंधासन. पाच सेकंद धरून खाली, ८ वेळा. श्वास कोंडू नका.

भिंतीला हात टेकून दंड, ८ ते १०. वारीत याचा काही उपयोग नाही, पण पिशवी खांद्याला असते आणि खांदेही स्टॅटिनने दुखणाऱ्यांपैकीच.

सोसायटीत लिफ्ट असेल तर पहिले चार आठवडे जिना चढायचा आणि लिफ्टने उतरायचं. सगळं जग उलटं करतं.

दुखण्याचा नियम हा. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर पुढच्या पायरीवर जा. चार-पाचपर्यंत गेलं तर तोच आठवडा पुन्हा करा, अंतर एक तृतीयांश कमी करून. पाचाच्या वर गेलं किंवा बहात्तर तासांत उतरलं नाही तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. जुनं दुखणं तुम्हाला ओळखीचं आहे. मांड्या पुन्हा तशाच, दोन्हीकडे, विश्रांतीच्या दिवशीही ठणकू लागल्या तर तो गोळीचा आवाज समजा.

त्या दिवशी बऱ्याचदा एकादशी असते. उपास करा, पण निर्जळी नको. दर वीस मिनिटांनी अर्धा पेला पाणी, आणि दुपारपर्यंत लिटरभर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, कमी पाण्यात दाट करून पिऊ नका. ब्लडप्रेशर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण आधी विचारून घ्या. आणि वारीत लोक खिशातून काढून देतात त्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घेऊ नका. घामाने शरीर सुकलेलं असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. अगदीच दुखलं तर पॅरासिटॅमॉल ५००. त्याहून दुखत असेल तर हडपसरला बसमध्ये बसा, माउली रागावणार नाहीत.

प्रश्न : वय ६६, औंध. मधुमेह आहे, सिगारेट तीन वर्षांपूर्वी सोडली. स्टॅटिन पाच वर्षं चालू आहे. आता दोनतीनशे मीटर चाललं की उजवी पोटरी आवळते, उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत मोकळी होते. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा. गोळीमुळेच ना?

उत्तर : नाही. हे पत्र आम्ही सगळ्यांत आधी उघडलं असतं तर बरं झालं असतं.

पाच वर्षं सोसलेली गोळी, डोस न बदलता, एकाच पोटरीत, तेही ठराविक अंतरावर दुखेल असं सहसा होत नाही. चाललं की आवळायचं आणि नुसतं उभं राहिलं की सुटायचं, हे पायाच्या धमनीत अडथळा असल्याचं लक्षण आहे. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं, अरुंद नळीतून तेवढं येत नाही. मधुमेह आणि सिगारेट, दोन्ही कारणं तुमच्याकडे हजर. या आठवड्यातच दाखवा. डॉक्टर पायाची नाडी बघतील, घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून त्यांचं गुणोत्तर काढतील. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर अडथळा आहे असं धरतात. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा येऊ शकतो, मग डॉपलर, म्हणजे धमन्यांतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करतात. पायाच्या बोटांवर जखम, काळेपणा किंवा रात्री झोपेतही पाय दुखणं असेल तर आठवडाही थांबू नका.

यातली गंमत अशी की जी गोळी बंद करायला तुम्ही निघालात तीच आता जास्त गरजेची आहे. पायाच्या धमनीत जे साचलंय ते हृदयाच्या धमनीतही असण्याची शक्यता मोठी असते. आणि व्यायाम? यावर चालणं हाच उपचार, फक्त चालायची पद्धत वेगळी. तपासणी होऊन डॉक्टरांनी परवानगी दिली की असं चालायचं : पोटरी आवळून दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, मग बाकावर बसून ते पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. थांबणं धरून एकूण ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. इथे दहापैकी तीनपर्यंतच दुखू देण्याचा वरचा नियम लागू नाही, दुखेपर्यंत जायचंच असतं. दर पन्नास पावलांवर बाक असलेली बाग शोधा. किती पावलांवर आवळलं ते लिहून ठेवा, तो आकडा वाढत जाताना दिसतो.

एक फरक आणखी. नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, सायकलवर मात्र काही होत नाही, असं असेल तर मूळ कमरेच्या मणक्यात असू शकतं.

प्रश्न : वय ४९, हडपसर. गजकर्णासाठी त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल एक महिना दिलंय. तिसऱ्या आठवड्यापासून जिममध्ये हात-पाय जड होतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० आधीपासून आहे.

उत्तर : आज जिमला जाऊ नका, दोन्ही डॉक्टरांना फोन करा. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडतात तेच एन्झाइम इट्राकोनॅझोल अडवतं, त्यामुळे गोळी न वाढवताही रक्तातला डोस वाढतो. सिम्वास्टॅटिनबरोबर तर हे औषध देतच नाहीत, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनबरोबर द्यायचं झालं तर २० च्या वर नको. छातीच्या संसर्गावर देतात त्या क्लॅरिथ्रोमायसिनचंही हेच. थोड्या दिवसांचं औषध असेल तर डॉक्टर बहुधा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतात. रोसुव्हास्टॅटिनचा मार्ग वेगळा असल्याने तिथे ही अडचण सहसा येत नाही. त्वचेच्या, दातांच्या, छातीच्या डॉक्टरांकडे जाताना कोलेस्टेरॉलच्या गोळीची पट्टी खिशात ठेवा. 'बीपीची आणि अजून एक कसली तरी' या उत्तरावर कोणीच काही ठरवू शकत नाही.

प्रश्न : वय ५२, पिंपळे सौदागर. माझं दुखणं मनाचं आहे असं डॉक्टर सुचवतात. मला खरंच दुखतं.

उत्तर : तुम्हाला खरंच दुखतं, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की ते कशामुळे. लंडनमध्ये ६० माणसांवर केलेला एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली माणसं होती ही. त्यांना महिन्याला एक अशा बारा बाटल्या दिल्या : चारमध्ये अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २०, चारमध्ये तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या १६.३. म्हणजे गोळी घेतल्याने त्रास दुप्पट झाला, पण त्यातला बहुतेक भाग औषधाचा नव्हता, गोळी घेण्याच्या धास्तीचा होता. आपापले आकडे बघून निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. २०२२मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा पहिल्या वर्षी दर हजारी ११ जणांना स्टॅटिनमुळे जादा दुखलं, आणि त्यानंतर फरक जवळपास उरला नाही. ते अकरा जण खरे आहेत, तुम्ही त्यांतल्या असू शकता. म्हणूनच अंदाज नको, डॉक्टरांच्या संमतीने थांबवून, पुन्हा सुरू करून, वही ठेवून बघा. व्यायाम मात्र दोन्ही काळात अगदी सारखा ठेवा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

प्रश्न : वय ५९, नारायण पेठ. अर्धी गोळी, एक दिवसाआड गोळी, कोएन्झाइम क्यू-टेन, लाल यीस्टच्या नैसर्गिक कॅप्सूल, यांतलं काय चालेल?

उत्तर : अर्धी गोळी डॉक्टर बऱ्याचदा मान्य करतात. डोस दुप्पट केला तरी एलडीएल सहा टक्क्यांच्या आसपासच आणखी उतरतं, म्हणून निम्मा केल्यानेही तेवढंच निसटतं. ते एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी जोडून भरून काढता येतं. एक दिवसाआड अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन चालू शकतं, कारण त्या शरीरात जास्त वेळ टिकतात, बाकीच्या नाही. कोणतीच स्टॅटिन सोसली नाही तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. ते यकृतातच कामाला लागतं, स्नायूत नाही, पण त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं, तेव्हा गाउटचा, म्हणजे त्यामुळे होणाऱ्या संधिवाताचा, पूर्वेतिहास सांगा. क्यू-टेनचा उपयोग अभ्यासांत ठामपणे दिसलेला नाही. तो पैसा चांगल्या बुटांवर घाला. लाल यीस्टमध्ये जे द्रव्य काम करतं ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच. तेव्हा नैसर्गिक म्हणून घ्याल ती स्टॅटिनच असेल, फक्त किती मिलिग्रॅम ते माहीत नसलेली.

प्रश्न : वय ६३, धनकवडी. रात्री पोटरीत गोळे येतात, ओरडून उठते.

उत्तर : गोळा आला की पाऊल हाताने स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून, अर्धा मिनिट. उभं राहता आलं तर टाच जमिनीला टेकून भिंतीवर झुका. रोज झोपण्याआधी हाच ताण, अर्धा मिनिट, प्रत्येक पायाला तीन वेळा. पाय पांघरुणात घट्ट खोचून झोपू नका, पाऊल खाली वळतं आणि गोळा तिथूनच सुरू होतो. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. बऱ्याच जणींचा गुन्हेगार तीच निघते आणि बिचारी कोलेस्टेरॉलची गोळी फुकट बदनाम होते.